गुरुवारी न्योक्की

रोममध्ये खाण्याचं एक जुनं वेळापत्रक आहे. गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासळी, शनिवारी वजडी. जुन्या वस्त्यांमधल्या साध्या जेवणघरांत, ज्यांना तिथे त्रात्तोरिया म्हणतात, गुरुवारी फळ्यावर खडूनं न्योक्की लिहिलेली आजही दिसते. उकडलेल्या बटाट्यात मैदा मळून केलेले बोटाच्या पेराएवढे गोळे, वर टोमॅटोचा रस्सा आणि किसलेलं चीज. दिसायला साधे, पोटाला जड. कारण असं सांगतात की शुक्रवार हा कॅथलिकांचा मांस वर्ज्य करण्याचा वार. त्या दिवशी हलकं जेवायचं, तर आदल्या दिवशी पोटाला आधार हवा. शनिवारच्या वजडीचं कारण आणखी रोखठोक आहे. रविवारच्या जेवणासाठी आदल्या दिवशी जनावरं कापली जात. चांगलं मांस रविवारसाठी विकलं जाई आणि आतला ऐवज टिकणारा नसल्यानं त्याच दिवशी खपवावा लागे.

खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. कोणत्या वारी ताटात काय पडणार हे त्याला पाठ असतं. रविवारी सकाळी फीस्ट आणि रात्री सुट्टी, हेही.

पण या वेळापत्रकात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे, आणि मला तिच्याविषयीच लिहायचं आहे. वारावार ठरलेलं जेवण फक्त त्याच्याच कामाचं, जो पुढच्या आठवड्यातही येणार आहे. चार दिवसांसाठी रोम बघायला आलेल्याला 'न्योक्की परवा मिळेल' हे ऐकून वैतागच येईल. परवा तो फ्लॉरेन्सला असणार. फळ्यावरची ती ओळ लिहिलेली असते समोरच्या इमारतीत राहणाऱ्यासाठी. गल्लीतलं जेवणघर चालवतो मालक, रांधतो स्वयंपाकी, पण त्याला वळण लावतो तो पुन्हा येणारा माणूस. काय शिजेल, किती शिजेल, केवढ्याला मिळेल, दार कधी बंद होईल, हे सगळं शेवटी त्याच्या येण्या-न येण्यावर ठरतं.

मुळात सुरुवातच तिथून आहे. त्रात्तोरियाच्या आधीची ओस्तेरिया ही वाइन पिण्याची जागा होती. रोमच्या आग्नेयेला कास्तेल्ली रोमानी नावाच्या टेकड्या आहेत. फ्रास्काती, आरिच्चा ही तिथली गावं. तिथल्या गुत्त्यांत मालक बाकडी आणि आपल्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन देई, जेवण लोक घरून फडक्यात बांधून आणत. अशा गाठोडंवाल्यांना रोमन बोलीत 'फागोत्तारी' असं नावच पडलं होतं. म्हणजे टेबलावरचं अन्न मालकाचं नव्हतंच, गिऱ्हाइकाच्या घरचं होतं. पुढे अशा जागांमध्ये चूल पेटली तेव्हा तिच्यावर तेच शिजलं, जे ही माणसं घरी खात होती. नवं काही चाखायला मिळेल या आशेनं तिथे कोणी जात नव्हतं.

आता आजची एखादी संध्याकाळ बघा. तेस्ताच्चो भागातली एक गल्ली. सात वाजता गेलात तर आत दिवे लागलेले असतात, पण जेवत असतात ते तिथलेच कामगार. गिऱ्हाइकाला दार साडेसातच्या सुमाराला उघडतं. टेबलांवर जाड कागद पसरलेला. वाढपी पावाची टोपली आणि काचेच्या सुरईत अर्धा लिटर पांढरी वाइन ठेवून जातो. लेबल वाचायचा प्रश्न नाही, कारण बाटलीच नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांना मेनूकार्ड कोणी दिलेलं नाही. वाढपी विचारतो, 'नेहमीचंच?' ते मान हलवतात आणि विचारतात, 'आर्टिचोक आलेत का?' मार्च महिना आहे, आलेत. पुदिना आणि लसूण भरून, देठ वर करून तेल-पाण्यात शिजवलेला एक अख्खा आर्टिचोक त्यांच्यापुढे येतो. सुरी टेकवली की तुटेल इतका मऊ. मग पास्ता. मग बशीत उरलेला सॉस पावाच्या तुकड्यानं पुसून घेणं, अगदी पांढरी बशी दिसेपर्यंत.

जेवण संपलं तरी ते उठत नाहीत आणि बिलही येत नाही. न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे 'आता उठा' म्हणणं, आणि ते तिथे उद्धटपणाचं समजतात. त्या रात्रीपुरतं ते टेबल त्यांचं. बाहेरून आलेले लोक मात्र हात वर करकरून थकतात आणि 'सर्व्हिस फार ढिली' असं मत बनवून बाहेर पडतात. त्यात बिलावर माणशी एक-दोन युरो पावाचे लावलेले दिसले की आणखी चिडतात. इटलीत इतरत्र या आकाराला कोपेर्तो म्हणतात. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे, तिथे २००६ च्या कायद्यानं कोपेर्तो घ्यायला बंदी केली, म्हणून बिलावर पाव लिहिला जातो. कायदाही पाळला, युरोही मिळाले. कोपऱ्यातले गृहस्थ त्या पावाचा शेवटचा चुरा वसूल करतात, त्यामुळे त्यांची तक्रार नसते.

मेनू आखूड असतो, आणि तो आखूड ठेवणं परवडतं तेही पुन्हा येणाऱ्यांमुळे. रोमच्या पास्त्यांची मुख्य नावं चारच: ग्रीचा, काचो ए पेपे, कार्बोनारा, आमात्रिचाना. चौघांचं साहित्य जवळजवळ एकच. मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो चीज, काळी मिरी, आणि ग्वान्चाले, म्हणजे मीठ-मिरी लावून मुरवलेलं डुकराच्या गालाचं मांस. ही तीन मिळून ग्रीचा. त्यातून ग्वान्चाले वजा केलं की काचो ए पेपे. ग्रीचात अंडं घातलं की कार्बोनारा, टोमॅटो घातला की आमात्रिचाना. तेच जिन्नस रोज लागतात आणि रोज संपतात, काही पडून राहत नाही. साठ पदार्थांची यादी लावणाऱ्याला आधी मोठा फ्रीजर घ्यावा लागतो.

काचो ए पेपे जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण त्यात लपवायला जागाच नाही. पास्ता, चीज, मिरी आणि पास्ता उकडलेलं पाणी. तेल नाही, लोणी नाही, साय नाही. भरड कुटलेली मिरी पॅनमध्ये कोरडी भाजायची, खमंग वास सुटला की पळीभर उकळतं पाणी, मग किंचित कच्चाच काढलेला पास्ता. दोन मिनिटं तो त्या पाण्यात शिजू द्यायचा. मग पॅन आचेवरून उतरवून बारीक किसलेलं पेकोरिनो आणि थोडं पाणी, आणि पॅन सारखं झटकत राहायचं. जमलं तर चीज आणि पाणी एकजीव होऊन दाट, चकचकीत सॉस पास्त्याला धरून बसतो. बिघडलं तर चीजचे चिवट गोळे होतात आणि तळाशी पाणी सुटतं. बिघडलेला सॉस पुन्हा सुधारत नाही, फेकावाच लागतो.

यावर २०२५ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञांचा रीतसर शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याला त्या वर्षीचं इग नोबेल मिळालं. म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं जे संशोधन असतं, त्याला देतात ते. त्यांनी मोजून सांगितलं की चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असेल तर सॉस टिकतो, आणि एक टक्क्याच्या खाली गेलं की गुठळ्या होतात. घरी दोघांचा पास्ता उकडलेल्या पाण्यात किती स्टार्च उतरलं याचा भरवसा नसतो, म्हणून घरी करणाऱ्यांना त्यांनी स्टार्च वेगळं मोजून घालायचा सल्ला दिला. जेवणघराच्या भटारखान्यात ही अडचण येत नाही. तिथे एकाच पातेल्यात संध्याकाळभर खेपांमागून खेपा उकडतात आणि पाणी गढूळ, दाट होत जातं. उशिरा येणाऱ्याच्या ताटात सॉस जास्त सहज जमतो. भरलेल्या खोलीचा हा असा रोकडा उपयोग आहे. रिकाम्या जेवणघरात पाणीही पातळ राहतं.

पुन्हा येणारा माणूस चव घडवतो म्हणजे काय करतो, हे तेस्ताच्चोच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथे रोमचा मोठा कत्तलखाना उभा राहिला आणि १९७५ मध्ये बंद झाला. तिथे राबणाऱ्यांना मजुरीचा काही भाग मांसात मिळे. जनावराचे चार चांगले भाग पैसेवाल्यांच्या आणि पाद्र्यांच्या घरी गेल्यावर जे उरे ते, शेपटी, वजडी, आतडी, कलेजी, डोकं. त्याला तिथे 'क्विंतो क्वार्तो' म्हणतात, पाचवा चतुर्थांश. गणितात न बसणारा हा हिस्सा घेऊन कामगार आसपासच्या जेवणघरांत जात आणि तिथे तो तासन्‌तास शिजे. टोमॅटो आणि सेलरी घालून केलेला बैलाच्या शेपटीचा रस्सा, 'कोदा आला वाचिनारा', याच वस्तीतून पुढे आला. कत्तलखान्यासमोरच्या मोंते तेस्ताच्चो टेकडीच्या पायथ्याशी १८८७ पासूनचं 'केक्कीनो' हे जेवणघर अजून उभं आहे. टेकडी म्हणजे तरी काय, प्राचीन रोमनांनी ऑलिव्ह तेलाचे फुटके रांजण रचून केलेला पस्तीसेक मीटर उंचीचा ढीग. खापरांच्या फटींतून गार हवा खेळते, म्हणून लोकांनी तिच्या पोटात वाइनची तळघरं कोरली.

याच भागातला आणखी एक पदार्थ म्हणजे रिगातोनी कॉन ला पायाता. फक्त दुधावर वाढलेल्या वासराची आतडी, आतलं दूध तसंच ठेवून, टोमॅटोत शिजवायची. शिजताना त्या दुधाचं चीज होतं. हे वाचून काहींचं तोंड वाकडं झालं असेल. झालं तर झालं. मुद्दा पुढे आहे. गायींच्या मेंदूच्या रोगाची साथ आली तेव्हा युरोपात २००१ पासून गोवंशाच्या आतड्यांवर बंदी आली, ती २०१५ पर्यंत टिकली. चौदा वर्षांत एखादा पदार्थ सहज विस्मरणात जातो. इथे गेला नाही. जेवणघरं कोकराची आतडी वापरून तो करत राहिली, कारण मागणारे मागत राहिले. जुनी चव आठवणारी माणसं टेबलावर बसलेली होती, आणि 'हे ते नव्हे' असं दर वेळी म्हणत ती तेच खात होती. बंदी उठल्यावर वासराची पायाता परत आली तेव्हा ती ओळखणारे शिल्लक होते.

पाककृती कोण जपतं, या प्रश्नाचं उत्तर आपण साधारणपणे 'आजी' असं देतो. रोमच्या भटारखान्यांत डोकावलं तर हे उत्तर पुरत नाही. आज तिथे रांधणाऱ्यांमध्ये बांगलादेशी आणि इजिप्शियन पुष्कळ आहेत. 'गांबेरो रोस्सो' या नावाजलेल्या खाद्यसमीक्षकांनी २००८ मध्ये रोममधल्या कार्बोनाराची परीक्षा घेतली. पहिली आलेली कार्बोनारा ज्या जागेतली, तिथला स्वयंपाकी सतराव्या वर्षी ट्युनिशियातून आलेला, पास्त्याला हात लावण्याआधी दीड वर्ष भांडी घासलेला. दुसऱ्या क्रमांकाच्या जागेतला मुख्य स्वयंपाकी भारतातला. यांच्या आज्यांनी कार्बोनाराचं नावही ऐकलं नसणार. ते शिकले परत आलेल्या बशीकडे बघून. अर्धी बशी तशीच परत आली, वाढप्यानं आत येऊन 'अंडं शिजून दाणेदार झालंय म्हणतात' असं सांगितलं, की दुसऱ्या दिवशी हात सुधारतो. चव आजीच्या रक्तातून उतरत असेल तर उतरो, पण तिला रोजच्या रोज जाग्यावर ठेवतो तो बशी परत पाठवणारा.

आणि तो नुसता जपत नाही, बदलतोही. कार्बोनाराला फार प्राचीन मानायची पद्धत आहे, पण छापील पुरावा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. १९५४ मध्ये 'ला कुचिना इतालियाना' मासिकात आलेल्या कृतीत लसूण होती, पान्चेत्ता होतं आणि चक्क ग्रुयेर हे स्विस चीज होतं. पुढे एका काळात साय घालणारेही भरपूर झाले. आज रोमच्या गल्लीत साय घातलेली कार्बोनारा वाढून बघा! मधल्या काळात कोणती समिती बसली नाही, ठराव झाला नाही. अंडं, पेकोरिनो, ग्वान्चाले, मिरी, इथपर्यंत ती हळूहळू येऊन थांबली. माझ्या मते ती थांबवली खाणाऱ्यांनी.

२०२५ च्या डिसेंबरात दिल्लीत लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक झाली आणि इटालियन स्वयंपाक मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. आपली दिवाळी त्याच बैठकीत त्याच यादीत गेली. यादीत कोणताही एक पदार्थ घेतलेला नाही, रांधण्या-जेवण्याची सगळी रीतच घेतली आहे. बरं झालं. पदार्थ घेतला असता तर तो १९५४ चा की आजचा, यावरून भांडण लागलं असतं.

या पुन्हा येणाऱ्या माणसाचं कौतुकच करत सुटायचं कारण नाही. तो हट्टी असतो. नवीन तरुण स्वयंपाक्यानं काही वेगळं करून पाहिलं तर तो नाक मुरडतो, आणि दोन महिन्यांत तो पदार्थ फळ्यावरून पुसला जातो. सुरईतली वाइन पुष्कळदा सामान्य असते, कधी आंबटही. शेवटी येणारं तिरामिसू बाहेरून आणलेलं असू शकतं. हे सगळं तो चालवून घेतो, कारण पास्ता बरोबर आहे आणि टेबल त्याचं आहे. गल्लीतलं प्रत्येक जेवणघर उत्तम असतं हा पर्यटकांचा भाबडेपणा आहे. बहुतेक ठीकठाक असतात, आणि वर्षानुवर्षं ठीकठाक राहणं ही साधी गोष्ट नाही.

कीर्तीचीही एक गंमत आहे. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स निघालं, त्याच्या निषेधात लोकांना पास्ता वाटण्यात आला आणि कार्लो पेत्रिनी यांची 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. १९९० पासून ही चळवळ 'ओस्तेरिए दितालिया' हे मार्गदर्शक पुस्तक काढते. हेतू चांगला, गल्लीतली जेवणघरं जगावीत. ती जगलीही. पण पुस्तकात आणि मग फोनवर नाव आलं, की पंधरा दिवस आधीपासून टेबलं भरतात आणि आयुष्यात कधी टेबल राखून न ठेवलेले समोरचे गृहस्थ दारात उभे राहतात. शहाणा मालक अशांसाठी कोपऱ्यातलं एक टेबल अडवून ठेवतो. जो ठेवत नाही, त्याच्या बशीवर नजर ठेवणारं हळूहळू कोणी उरत नाही.

त्रेवीच्या कारंज्याभोवती हेच टोकाला गेलेलं दिसतं. सहा भाषांतला मेनू, प्रत्येक पदार्थाचा फोटो, दारात उभं राहून हाका मारणारा माणूस. तिथला स्वयंपाकी मुळात वाईट असतो असं नाही. त्याच्यापर्यंत तक्रार पोचत नाही, एवढंच. ज्याला सॉस आवडला नाही तो दुसऱ्या दिवशी विमानात असतो आणि त्याच्या जागी तसाच दुसरा येऊन बसतो. भोवतालची राहती घरं पर्यटकांना रात्रीच्या बोलीनं दिली जाऊ लागली, रहिवासी उपनगरांत गेले. मग गुरुवारच्या न्योक्कीला अर्थ कुठून राहणार? तिथे न्योक्की सातही दिवस मिळते.

पुण्या-मुंबईतल्या इटालियन हॉटेलांना मी याच मापानं मोजतो. टोमॅटो आणि क्रीम एकत्र केलेला 'पिंक सॉस', पास्त्यात पनीर, टेबलावर ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स. रोमचा माणूस कपाळाला हात लावील. पण त्याची बशी वेगळी, आपली वेगळी. इथे दर शनिवारी येणाऱ्या कुटुंबात मुलाला तिखट चालत नाही, आजीला अंडं चालत नाही, वडिलांना मिरचीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. या तिघांनी मिळून तो पिंक सॉस घडवला आहे. कोपऱ्यावरच्या एखाद्या छोट्या हॉटेलात वेटर विचारतो, 'दादा, नेहमीसारखं एक्स्ट्रा स्पायसी ना?' तिथलं जेवण इटालियन किती आहे यावर वाद घालता येईल. ते हॉटेल गल्लीचं आहे, यावर नाही. मला काळजी वाटते ती ज्या हॉटेलचा मेनू दर तीन महिन्यांनी बदलतो त्याची. कोणाला काय आवडलं हे कळायच्या आत तिथला पदार्थ गेलेला असतो.

तेव्हा रोमला जाणार असाल तर एक विनंती. चार रात्रींत चार नामांकित ठिकाणं उरकू नका. मुक्कामाजवळचं, स्थानिक माणसं आत बसलेली दिसतात असं एक जेवणघर धरा आणि तिथेच पुन्हा जा. शाकाहारी असाल तर काचो ए पेपे मागण्याआधी एवढं ध्यानात घ्या की अस्सल पेकोरिनो कोकरांच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. गुरुवार सापडला तर न्योक्की घ्या. आणि ऑगस्टच्या मध्यात जाऊ नका. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तोचा सण असतो. त्याच्या आगेमागे शहर पर्यटकांनी फुललेलं असतं, पण गल्लीतल्या जेवणघरांच्या दारांवर 'सुट्टीनिमित्त बंद' अशा चिठ्ठ्या लागलेल्या असतात. त्यांची गिऱ्हाइकं त्या दिवसांत समुद्रावर गेलेली असतात.